पहिल्या गाडीचं बटण

बसा भाऊ. आधी ते इंजिन बंद करा, डोकं उठतं त्याने. तुमच्या पुढे मक्याच्या गाड्या लागल्यात, त्यात सकाळपासून लाईट नाही, नंबर यायला वेळ आहे. या नवापूरच्या कोंबड्या एवढा मका खातात की माणसाने खाल्ला असता तर तो उडायला लागला असता. बसा या पोत्यावर. तुम्हाला या वजनकाट्याची एक गोष्ट सांगतो. सुरतपर्यंत गेलात तरी अशी कोणी सांगणार नाही, कारण मलाच ती अजून पुरती कळलेली नाही. जेवढी कळली तेवढी सांगतो, उरलेली तुम्ही लावा.

मी दलसिंग. गाडी काट्यावर चढवायची, उतरवायची, हे माझं काम. पुढे घे, मागे घे, बस बस बस. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, तिसरीचा मास्तर मला पटला नाही. तर ते जाऊ द्या. त्या केबिनमध्ये काचेमागे चष्मेवाला बसलाय ना, टोपी घातलेला, तो चुनीलाल. आमचा चुनीभाऊ. हा काटा कंचनबाई शेठाणीचा. शेठ होते तेव्हापासून चुनीभाऊ काट्यावर आहे. तेव्हा लोखंडी दांडीचा काटा होता. सकाळी पहिली गाडी आली की चुनीभाऊ दांडीला हात लावायचा, तोच हात छातीला, मग कपाळाला, डोळे मिटायचा, आणि मगच वजन. बोहनी म्हणजे बोहनी. ड्रायव्हर हॉर्न मारो की शिव्या देवो, डोळे उघडायचे नाहीत.

काट्यावरच्या माणसाचं कसं असतं भाऊ, त्याच्याकडे दुसरं काही नसतं, नाव असतं. चुनीभाऊने सांगितलं एवढं वजन, की शेतकरी मान हलवतो, व्यापारी मान हलवतो. त्या नावावरच ही गोष्ट आहे.

मग दांडी गेली, कॉम्प्युटर आला. पहिला जो प्रोग्राम होता तो बिघडला, बनवणारा माणूस फोन उचलेना. तेव्हा शेठाणीने नूतनला बोलावलं. नूतन म्हणजे तापीकाठच्या रतिलालभाईची पोरगी. गुजर लोक, केळीवाले, शेठाणीच्या घराशी जुनं येणंजाणं. पोरगी नंदुरबारला कॉम्प्युटरचं काम करते. ती म्हणाली, काकी, एवढ्याशा कामाला मोठा प्रोग्राम कशाला, मी एक स्क्रिप्ट लिहून देते. मला वाटलं स्क्रिप्ट म्हणजे सिनेमाची. म्हटलं, यात चुनीभाऊ हिरो का व्हिलन? ती हसली. म्हणाली, दलसिंगदादा, स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामं, हे कर, मग ते कर.

तिने बनवलं बाकी छान. पडद्यावर एक खिडकी उघडायची. खिडकीत वर बटणांची पट्टी. तिला टूलबार म्हणतात. पहिलं बटण 'नवीन गाडी', त्यावर छोट्या ट्रकचं चित्र. मग 'भरलेलं वजन', मग 'रिकामं वजन', मग 'पावती'. चुनीभाऊला माऊस धरायला तिनेच शिकवलं. आधी तो माऊस असा धरायचा, जसं कोंबडीचं पिल्लू सुटून पळेल. पण शिकला. श्रावण, भादवा, सगळा हंगाम नीट गेला.

आणि दसऱ्यानंतर बटण गायब व्हायला लागलं.

पहिल्या दिवशी मी केळीची गाडी काट्यावर चढवली, हात केला, आणि उभा राहिलो. आतून काही नाही. ड्रायव्हर माझ्याकडे बघतोय, मी काचेकडे. आत गेलो तर चुनीभाऊ पडद्याला नाक लावून बसलेला.

"दलसिंग, बटन गयं रे."

"कथं गयं?"

"काय माहीत. आत्तेच व्हतं."

मी बघितलं. 'नवीन गाडी' नाहीच. ट्रकचं चित्र नाही, नाव नाही. बाकीची बटणं सरकून शेजारी शेजारी बसलेली, जशी बसमध्ये एक माणूस उतरला की बाकीचे पसरून बसतात. नूतनला फोन लावला. ती म्हणाली, बंद करून चालू करा. केलं. बटण आलं परत. दिवसभर मग राहिलं. आम्ही म्हटलं, असेल काही लाईटीचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. पहिली गाडी, बटण गायब. बंद, चालू, हजर. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी, रोज पहिल्याच गाडीला, आणि नंतर दिवसभर काही नाही. आता मला सांगा भाऊ, हे कसलं बिघडणं? गाडी बिघडली तर बिघडलेली राहते. हे सकाळी बिघडायचं आणि हाका मारल्या की यायचं.

मग जो तो शहाणा झाला. एक ड्रायव्हर म्हणाला, थंडीने होतं, मशीन गरम होऊ द्या. आम्ही गाडी येण्याच्या आधी मशीन चालू करून ठेवलं, तरी गेलं. मी म्हटलं, पडद्यामागे पाल आहे, तिचं काहीतरी आहे. पाल हाकलली. बटण तरी गेलं. पाल मात्र परत आली.

नूतन रेल्वेने आली. दुपार झाली होती, बोहनी कधीच झालेली. तिने बसून प्रत्येक बटण दाबून बघितलं, दहादा, वीसदा. एकही हललं नाही. चुनीभाऊ मागे उभा, हात बांधून, परीक्षेला बसवल्यासारखा. ती म्हणाली, पडदा छोटा आहे, पट्टीला जागा पुरत नसेल, म्हणून बटण दुसऱ्या ओळीत जाऊन लपत असेल. तिने पट्टीची स्टाईल बदलली. मी विचारलं स्टाईल म्हणजे काय, तर म्हणाली पट्टी कशी दिसायची आणि कशी वागायची ते. बरं. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टीच्या दोन ओळी झाल्या. खालची ओळ वजनाच्या आकड्यावर येऊन बसली. वजन दिसेना. आणि सकाळी पहिलं बटण गेलंच.

तिने फोनवरून सांगून ती स्टाईल काढायला लावली, दुसरी घालायला लावली. बटणं फुगली, पापडासारखी. तेही काढलं. मग नावं चित्राच्या खाली होती ती उठून चित्राच्या शेजारी गेली, पट्टी लांब झाली, 'पावती' खिडकीच्या बाहेर गेलं. चुनीभाऊ पार गोंधळला. बिचारा सवयीने बोट न्यायचा तिथे भलतंच बटण. एक मक्याची भरलेली गाडी त्याने रिकामी म्हणून नोंदवून टाकली. आणि एवढं सगळं करून सकाळी पहिलं बटण जायचं, ते जायचंच. नूतनचा आवाज फोनवर रडवेला व्हायला लागला. ती म्हणाली, दादा, मी एक काढते तर दुसरंच हलतं, मलाच कळत नाही मी काय लिहून ठेवलंय.

आता शेठाणीचं ऐका. कंचनबाई वाईट बाई नाही. पण रोज सकाळी तिच्या काट्यापुढे हायवेपर्यंत गाड्या तुंबायच्या, आणि कोणीतरी तिच्या कानात सांगितलं की म्हाताऱ्याला कॉम्प्युटर नकोच आहे, तोच काहीतरी करतो. कोण बोललं मला माहीत नाही. माहीत असतं तर त्याची गाडी मी काट्यावर नीट चढू दिली नसती.

तर एक दिवस शेठाणी सकाळी सकाळी स्वतः येऊन खुर्चीवर बसली. चुनीभाऊ मागे उभा राहिला. पहिली गाडी आली. मालकीण समोर असताना बोहनी नोकराने कशी करायची? चुनीभाऊ म्हणाला, शेठाणी, आज बोहनी तुमच्या हातची. शेठाणीने दोन्ही हात जोडले, ओठातल्या ओठात जैनांचा नवकार मंत्र म्हटला, एका बोटाने माऊस टिचकन दाबला. बटण जागेवर. गाडी लागली, वजन झालं, पावती निघाली. दुसऱ्या दिवशीही ती आली. दुसऱ्या दिवशीही बटण जागेवर.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. बटण गेलं.

संध्याकाळी तिने चुनीभाऊला बोलावलं. मी दारात होतो. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चुनीलाल, मी बसस तव्हय बटन ऱ्हास. तू बसस तव्हय जास. मी काय समजू?"

"शेठाणी, मी काय करं नही."

"मंग कोन करस?"

चुनीभाऊने टोपी काढून हातात घेतली.

शेठाणी पदर सारखा करत उठली आणि म्हणाली, "पाडवानी बोहनी तुन्हा हातनी नको. दुसरा मानूस देखस मी."

भाऊ, तुम्ही गाडीवाले. तुम्हाला यातलं कळलं का नाही मला माहीत नाही. दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याचं वर्ष सुरू होतं. त्या दिवशीची बोहनी ज्याच्या हातची, त्याच्या हातावर वर्षभर भरवसा. शेठ होते तेव्हापासून ती चुनीभाऊच्या हातची. ती काढून घेतली म्हणजे नुसतं खुर्चीवरून उठवलं असं नाही, चोर म्हटलं. चोर शब्द न वापरता म्हटलं. चुनीभाऊ बाहेर आला, माझ्याजवळ उभा राहिला, मी तंबाखू पुढे केली. घेतली नाही. म्हणाला, दलसिंग, तुला तरी वाटतं का मी काढतो? मी म्हटलं, तुला दोन्ही हातांनी माऊस धरून धड दाबता येत नाही, तू काय काढणार. तो हसेल असं वाटलं होतं. नाही हसला.

मी घरी गेल्यावर पोराच्या मोबाईलवरून नूतनला फोन केला. म्हटलं पोरी, तुझ्या त्या पट्टीपायी माणूस जातोय. पाडव्याच्या आत ये, आणि दुपारी येऊ नको, बोहनीला ये.

धनतेरसला ती पहाटेच्या पहिल्या रेल्वेने आली. मी तिला आत जाऊ दिलं नाही. म्हटलं, तू आत गेलीस की तो तुला खुर्ची देईल आणि मग काही होणार नाही, शेठाणीचं झालं तसं. इथंच बस माझ्याजवळ, काचेतून बघ. ती या पोत्यावर बसली, तुम्ही बसलात तिथेच. मी एक ट्रॅक्टर काट्यावर चढवला.

चुनीभाऊने टोपी नीट केली. डाव्या हाताचा अंगठा कीबोर्डवर ठेवला, डावीकडच्या कोपऱ्यातल्या जाड बटणावर. त्या बटणावर कुंकू होतं. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्याची पूजा होते ना, काट्याची, टेम्पोची, पाट्या-फावड्यांची. तशी कॉम्प्युटरचीही झाली होती आणि कीबोर्डला टिळा लावलेला. तेलात कालवलेलं कुंकू, कितीही पुसा, बोटाला लागतच राहतं. दांडीला कसा हात लावायचा, तसा तो त्या टिळ्याला अंगठा लावायचा. दुसऱ्या हाताने माऊसचा बाण 'नवीन गाडी'वर नेला, बटण दाबलं, आणि दाबलेला माऊस टेबलावरून ओढत छातीपाशी आणला. डोळे मिटले. माऊस उचलून कपाळाला लावला. मग खाली ठेवला.

मी तर हे रोज बघत होतो. मला त्यात काहीच दिसलं नव्हतं. बोहनी करतोय, करू दे. पण नूतन पोत्यावरून उठली. काचेला कपाळ लावलं तिने. चुनीभाऊने डोळे उघडले तेव्हा बटण गेलेलं होतं. नूतन मात्र सगळा वेळ डोळे उघडे ठेवून बघत होती. तिने ते जाताना बघितलं होतं. म्हणाली, दादा, माऊसच्या मागे मागे गेलं ते, पट्टीतून निघून. त्यांनीच ओढून काढलं, आणि त्यांना माहीत नाही.

मी म्हटलं, पोरी, बटण म्हणजे काय भिंतीवरचा खिळा आहे का, ओढला की निघायला?

मग तिने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, इथेच मांडीवर घेतला, आणि मला समजावून सांगायला लागली. मला नाही, खरं तर स्वतःलाच. मी नुसता समोर होतो. म्हणाली, या पट्टीला एकच आकडा द्यायचा असतो. त्या एका आकड्यात तिच्या सगळ्या सवयी. जसं तराजूत वजनं टाकतो, एक छोटं, त्याच्या दुप्पट दुसरं, त्याच्या दुप्पट तिसरं. सगळ्यांची बेरीज सांगितली की मशीन ओळखतं कोणकोणती वजनं टाकलीत. एक वजन म्हणजे बटणं सपाट दिसू दे. एक म्हणजे नावं शेजारी येऊ दे. एक म्हणजे जागा नसली की दुसरी ओळ कर. मी हो हो म्हणत होतो. वजनं कळली, बाकी अंधार.

"मी बेरीज नेटवरून उचलली होती, दादा," ती म्हणाली. "कोणीतरी लिहिलेली. पट्टी छान दिसली, म्हणून आत काय काय वजनं आहेत ते उतरवून बघितलंच नाही. मी मोठी मोठीच हलवत बसले."

मग तिने एक एक वजन उतरवलं. तळाशी एक निघालं, छोटंसं, ज्याच्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. त्याचा अर्थ असा की ज्याला पट्टी वापरायची त्याला बटणं हवी तशी हलवता येऊ देत. कसं हलवायचं, तर ते कोपऱ्यातलं जाड बटण दाबून धरायचं, त्याला शिफ्ट म्हणतात, आणि माऊसने ओढायचं. पट्टीच्या बाहेर नेऊन सोडलं की बटण काढून टाकलं. आणि ऐका, पट्टी काढायच्या आधी विचारते म्हणे, काढू का? त्याचं उत्तर पण नूतनने नेटवरच्या त्याच माणसाचं जसंच्या तसं उचललेलं. उत्तर होतं, हो. रोज सकाळी पट्टी विचारायची काढू का, आणि आमच्या काट्यावर कोणालाही न कळता आतल्या आत उत्तर जायचं, हो, काढ. बंद करून चालू केलं की स्क्रिप्ट पहिल्यापासून पट्टी मांडायची, म्हणून बटण परत यायचं. बोहनी तर एकदाच, म्हणून दिवसभर काही नाही. मला हे तिने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी समजल्यासारखं केलं.

चुनीभाऊ जेवायला घरी गेला तेव्हा नूतनने शेठाणीला बोलावून आणलं. म्हणाली, काकी, चूक माझी आहे, आधी बघा मग बोला. तिने कुंकवाच्या बटणावर अंगठा ठेवला, माऊस दाबला, ओढला. 'नवीन गाडी' निघून आलं. शेठाणी म्हणाली, परत कर. नूतनने बंद करून चालू केलं, परत केलं. मग शेठाणी स्वतः खुर्चीवर बसली. तिने स्वतःचा अंगठा ठेवला, ओढलं, आणि बटण गेलं. तिने अंगठा उचलून बघितला. लाल झालेला.

"हे कुंकू तर मीच लावलं होतं," ती म्हणाली.

मला तोवर आठवलंच नव्हतं. दसऱ्याला ताट घेऊन तीच आली होती. कडेचं मोठं बटण बघून त्यावर टिळा लावला होता, शेजारची बारीक होती म्हणून. आणि चुनीभाऊ जिथे मालकिणीचा टिळा, तिथेच अंगठा लावणार, दुसरीकडे कशाला लावेल.

शेठाणीने अंगठा पदराला पुसला. बाहेर एक गाडी हॉर्न मारत होती, मी हाताने त्याला गप्प केलं. नूतन म्हणाली, काकी, चुनीआप्पांना सांगते मी, शिफ्टला हात नका लावू म्हणून. शेठाणीने मान हलवली, नाही.

"सांगशील तर तो बोहनीच सोडी दी," ती म्हणाली. "त्याले वाटी, मन्हा नमस्कारमुळे बटन गयं. तुन्ही पट्टी सुधार. त्याले काही सांगू नको."

नूतनने ते छोटं वजन काढलं, आणि ते 'हो' पण काढलं. काढताना पुन्हा काहीतरी हललं, नावं चित्रांच्या शेजारी गेली ती तिथेच राहिली. तिने पट्टी थोडी बारीक करून सगळं खिडकीत बसवलं आणि म्हणाली, आता मी याला हात लावणार नाही, मला भीती वाटते.

पाडव्याला काट्याला झेंडूचं तोरण, केबिनच्या दारात रांगोळी. चुनीभाऊ आला तो धुतलेल्या कपड्यात, पण बाहेरच माझ्याजवळ उभा राहिला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं नवीन माणूस आत असेल. शेठाणी दारात आली. मला वाटलं आता माफी मागेल. ती कसली मागते. म्हणाली, "चुनीलाल, गाडी उभी शे, बाहेर काय करी ऱ्हायना? बोहनी कर."

तो गेला. खुर्चीवर बसला. टोपी नीट केली. टिळा ताजा होता, शेठाणीने पहाटे परत लावलेला, त्याच बटणावर. मी काचेला चिकटून उभा, नूतनला मी फोन चालू ठेवायला सांगितलेलं, ती तिकडे गावात फोन कानाला लावून. चुनीभाऊने अंगठा ठेवला. माऊस दाबला, ओढला, डोळे मिटले, कपाळाला लावला. मी त्या पट्टीकडे असा बघत होतो, जसा ट्रक मागे घेताना चाकाकडे बघतो. बटण आहे तिथे होतं. त्याने डोळे उघडले, बटण बघितलं, चष्मा काढून पुसला, परत बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, दलसिंग, ऱ्हायनं रे. मी फोनमध्ये म्हटलं, राहिलं. तिकडून नूतन काही बोलली का नाही, ऐकू आलं नाही, ट्रॅक्टरवाल्याने त्याच वेळी हॉर्न दिला.

चुनीभाऊला वाटतं पाडव्याच्या मुहूर्ताने ते बरं झालं. नावं शेजारी सरकली तेही तो शुभ मानतो. मी काय बोलू? कधी कधी मलाच वाटतं, असेल बुवा, कारण ती वजनं आणि तो आकडा मला अजूनही रात्री आठवतात आणि एकमेकांत जातात.

आली बघा तुमची पाळी. चला, गाडी चालू करा, मी हात दाखवतो तशी सावकाश घ्या. हे सगळे मघापासून उभे आहेत, पण लाईट नव्हती. आता आली, म्हणजे आजची पहिली गाडी तुमचीच, ते मकावाले माझ्या भावकीतले, थांबतील. आत बघाल तर तो अंगठा ठेवील, माऊस छातीशी घेईल, डोळे मिटेल. जरा वेळ लागतो त्याला. तेवढा वेळ हॉर्न मारू नका, भाऊ. आणि पावती घ्यायला खिडकीशी जाल, तेव्हा मी सांगितलेलं त्याला सांगू नका.